डिस्टोपियन सायफाय पिक्चरमधलं हॅकिंग कसं तपासायचं: आधी दार बघा, स्क्रीन नंतर

हे लिहायला घेतलं कारण डिस्टोपियन, म्हणजे पुढचं जग बिघडलेलं दाखवणाऱ्या पिक्चरमधलं हॅकिंग तपासायचं काम लोक हमखास उलट्या क्रमाने करतात. लेख लिहायचा असो, व्हिडिओ करायचा असो नाहीतर ऑफिसात सिक्युरिटी अवेअरनेसचं सेशन घ्यायचं असो, पिक्चर लावायचा, हिरवी अक्षरं धावायला लागली की पॉज करायचं, "असं कधी होतं का राव" म्हणून हसायचं, झाली तपासणी. अरे पण तोपर्यंत हल्ला होऊन गेलेला असतो. कुठल्यातरी दारात, टेबलाच्या खणात, नाहीतर कोणाच्यातरी आळसात. स्क्रीनवर जे टाइप होतं ते बहुतेक वेळा शेवटची पायरी असते, म्हणून ती शेवटीशेवटीच बघायची.

## तयारी

पिक्चर दोनदा बघायचाय, इथे शॉर्टकट नाहीये. पहिल्यांदा नुसता बघा, वही लांब ठेवा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि चार रकाने आखा: वेळ, कोण, आत कसा आला, त्याला ती परवानगी कोणी दिली. शेवटचा रकाना लोक आखतच नाहीत आणि सगळा माल तिथेच असतो.

पहिल्या पानावर दोन सालं लिहून ठेवा, पिक्चर कधी आला आणि गोष्ट कधी घडते. 'मायनॉरिटी रिपोर्ट' २००२चा आहे, गोष्ट २०५४ची. तंत्र तपासताना पहिलं साल धरायचं, त्या जगाच्या सवयी तपासताना दुसरं. १९८३च्या पिक्चरला आजच्या फायरवॉलची फूटपट्टी लावणं म्हणजे आजीला तुझ्या लग्नात सेल्फी का नाही काढला विचारण्यासारखं आहे.

कॉपी स्वच्छ लागते. फाटक्या प्रिंटवर शून्य आहे का ओ आहे ते कळत नाही, मग तुम्ही अंदाजाने काहीतरी वाचता आणि त्यावरच पानभर लिहिता.

इशारा: पिक्चरमधल्या चुकांच्या याद्या आधी वाचू नका. एकदा वाचल्या की तुम्हाला तेवढंच दिसतं.

## टप्पा १: त्या जगाचे नियम लिहा

पाच-सहा ओळी पुरतात. या जगात माणसाची ओळख कशावर ठरते? कार्ड, पासवर्ड, डोळा, रक्त? नोंदी कुठे असतात, एका जागी का विखुरलेल्या? मशीन चुकलं तर दाद मागायला माणूस आहे का?

डिस्टोपियामधे हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे सिस्टिम मोडली म्हणून वाट लागते असं क्वचितच होतं, ती ठरवल्याप्रमाणे व्यवस्थित चालली म्हणूनच वाट लागते. 'रोबोकॉप'मधे (१९८७) अर्ध्या यंत्राच्या पोलिसाच्या डोक्यात कंपनीने घातलेल्या आज्ञांपैकी चौथा निर्देश खुद्द त्याच्यापासूनही लपवलेला असतो, कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याला तो अटकच करू शकत नाही. कोणी बाहेरचा येऊन हॅक करून गेलेला नाही. बनवणाऱ्यांनीच मागचं दार ठेवलंय, आणि मालकाने ठेवलेलं मागचं दार हे पण दारच, ते वहीत आलंच पाहिजे. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सनने १९८४मधे हेच दाखवलं होतं, की कंपायलरमधेच (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅममधे) खोड घातली तर सोर्स कोड कितीही वाचा, त्यात काही सापडणार नाही.

## टप्पा २: नक्की काय मोडलं ते ठरवा

"सिस्टिम हॅक झाली" हे वाक्य वहीत दिसलं तर खोडा. तीनपैकी काय झालं ते लिहा: गुपित फुटलं, माहिती बदलली गेली, का सेवा बंद पडली. कधी दोन असतात, तिन्ही क्वचित.

लोक फक्त पहिलं शोधतात. 'ब्राझील' (१९८५) आठवा. छपाईच्या मशीनमधे एक मेलेली माशी पडते आणि अटकेच्या कागदावर टटल या नावाचं बटल होतं. एवढंच. एक अक्षर. मग त्या बटलच्या घरात छत फोडून माणसं उतरतात, त्याला गोणपाटासारखं बांधून नेतात आणि वर बायकोकडून पावती पण सही करून घेतात. हॅकर नाही, व्हायरस नाही, चोरी नाही. माहिती बदलली, पुढच्या एकाही टेबलावर ती कोणी पडताळली नाही, आणि कागद बरोबर दिसतोय म्हणजे माणूस पण बरोबरच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. सिक्युरिटीवाले याला इंटिग्रिटी म्हणतात, आणि कॉम्प्युटर नीट न दाखवताही हा प्रश्न इतका चोख मांडलेला पिक्चर मला दुसरा माहीत नाही.

तपासा: तुमच्या वहीत आत्तापर्यंत "हॅक" हा शब्द किती वेळा आलाय? दोनपेक्षा जास्त असेल तर हा टप्पा परत करा.

## टप्पा ३: दार शोधा

इथे वेळ घालवा, अर्धा वेळ इथेच गेला पाहिजे. हल्लेखोर शेवटी जिथे पोचला तिथून उलटं चालत या आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: याला इथे कोणी येऊ दिलं?

'मायनॉरिटी रिपोर्ट' यासाठी उत्तम. जॉन अँडरटन हा प्रीक्राइमचा, म्हणजे खून व्हायच्या आधीच अटक करणाऱ्या पोलिस खात्याचा अधिकारी, त्याच्यावरच खुनाचा वॉरंट निघतो, तो पळतो, शहरभर डोळे स्कॅन होतात म्हणून डोळेच बदलून घेतो. लोक या ऑपरेशनवरच लिहितात कारण ते किळसवाणं आणि लक्षात राहणारं आहे. पण तो जुने डोळे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून देतो, परत प्रीक्राइमच्या इमारतीत येतो, डोळे हातातून निसटतात, उतारावरून गडगडत जातात, हा मागे धावतोय, एक जाळीतून खाली पडतो, दुसरा कसाबसा शिरेला धरून वाचवतो आणि स्कॅनरसमोर धरतो. आणि दार उघडतं!

इथे पॉज करा. स्कॅनर फसला का? नाही. डोळा खरा, नोंद खरी, मशीनने आपलं काम चोख केलं. फरार आरोपीचा प्रवेश रद्द करायचं कोणाला सुचलंच नाही, एवढीच भानगड. पुढे त्याची बायको तोच डोळा घेऊन त्याला कैदेतून सोडवायला आत जाते, म्हणजे तोपर्यंतही रद्द झालेला नाही. माणूस कंपनी सोडून गेला आणि त्याचा लॉगिन चालूच राहिला, जगातल्या प्रत्येक आयटी खात्याची ही दुखरी नस आहे. मे २०२१मधे अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन रॅन्समवेअरमुळे (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅममुळे) बंद ठेवावी लागली तेव्हा हल्लेखोर आत आले ते एका वापरात नसलेल्या जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमधे यायच्या खात्यातून, आणि त्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती. पिशवीतला डोळाच तो.

बायोमेट्रिकचा, म्हणजे शरीरावरून ओळख पटवायचा मुद्दा आला की आणखी एक रकाना आखा: ही ओळख फुटली तर बदलता येते का? पासवर्ड बदलतो, बोट बदलत नाही. २०१५मधे अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून ५६ लाख लोकांचे फिंगरप्रिंट चोरीला गेले, त्यांना नवीन बोटं कोण देणार? आणि २०१४मधे केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मन हॅकरांच्या संघटनेतल्या लोकांनी जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांच्या बोटाचा ठसा नुसत्या फोटोंवरून तयार करून दाखवला होता.

'गॅटाका' (१९९७) हेच आणखी खोलात नेतो. रक्तावरून ओळख पटवणाऱ्या कंपनीत हिरो व्हिन्सेंट दुसऱ्याचं रक्त खोट्या बोटाच्या टोकात भरून रोज दारातून आत जातो, दुसऱ्याची लघवी, दुसऱ्याचे केस. मशीनने हिरवा दिवा दिला की चेहऱ्याकडे बघायची कोणाला गरज वाटत नाही. बहुतेक लोक इथे थांबतात आणि "बायोमेट्रिक फसवता येतं" असं लिहून मोकळे होतात. शेवटपर्यंत बघा. तिथला डॉक्टर लघवीचा नमुना घेताना हळूच सांगतो की उजव्या हाताची माणसं ते डाव्या हाताने धरत नाहीत. म्हणजे डॉक्टरला कधीचंच कळलेलं होतं! लाखमोलाची यंत्रं फसली, एका माणसाच्या साध्या नजरेने पकडलं आणि त्यानेच जाऊ दिलं. आता हे दार कोणाचं? वहीत "आतला माणूस" असं लिहा आणि पुढे चला.

'वॉरगेम्स' (१९८३) डिस्टोपियन म्हणायचा का यावर भांडण होऊ शकतं, पण दार शोधायच्या सरावाला याच्यासारखा नाही. शाळेचा कॉम्प्युटर कसा उघडला? पिक्चरचा हिरो असलेल्या शाळकरी मुलाला ऑफिसात बसवून ठेवतात, तिथे खणात पासवर्डची यादी, जुने खोडलेले आणि शेवटचा "पेन्सिल". सैन्याचा कॉम्प्युटर कसा उघडला? बनवणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेलं मागचं दार, पासवर्ड त्याच्या गेलेल्या मुलाचं नाव, आणि ते नाव लायब्ररीत बसून जुने लेख चाळून सापडतं. तिसरं दार तर पिक्चरच्या सुरुवातीलाच उघडलंय: सरावात २२ टक्के सैनिकांनी क्षेपणास्त्राची किल्ली फिरवली नाही म्हणून माणसंच काढून टाकली आणि सगळं मशीनच्या हातात दिलं. तेव्हा तो मुलगा चित्रात पण नाही.

इशारा: दार सापडलं की थांबू नका, दुसरं शोधा. एकाच भोकातून सगळं झालं असं चांगल्या पिक्चरमधे सहसा नसतं.

## टप्पा ४: आता स्क्रीन बघा

आता पॉज करा, हवं तर हसा. पण हसायच्या आधी चार गोष्टी उतरवून घ्या: मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, पोर्ट (मशीनमधे शिरायचा क्रमांकाचा दरवाजा), टूलचं नाव, कुठल्या खोटीचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या उणिवेचा वापर.

'द मॅट्रिक्स रीलोडेड'मधे (२००३) ट्रिनिटी ही हॅकर वीज केंद्रात एनमॅप, म्हणजे कुठले पोर्ट उघडे आहेत ते शोधणारा प्रोग्रॅम चालवते. खरं टूल, खरी कमांड. पत्ता १०.२.२.२, पोर्ट २२ उघडा, म्हणजे एसएसएच, दुरून मशीनमधे लॉगिन करायची सोय. मग ती एसएसएचनूक नावाचा प्रोग्रॅम चालवते, हे नाव बनावट आहे पण एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीतल्या ज्या सीआरसी३२ नावाच्या खोटीवर तो चालतो ती अस्सल, २००१मधे जाहीर झालेली. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा पासवर्ड झेड१०एन०१०१ असा बदलते आणि ग्रिडचे (वीजजाळ्याचे) नोड बंद करते.

मी एकदा एका सेशनमधे ही फ्रेम लावून ऐटीत सांगत होतो की बघा, दोन वर्षं जुनी खोट, एवढ्या मोठ्या वीज केंद्रात पॅच केली नसेल हे पटत नाही, हा पिक्चरचा दोष. मागून एकजण शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे याहून जुनी चालू आहे." सगळे हसले, मी पण हसलो, काय करणार. तेव्हापासून "एवढं जुनं कसं चालेल" हा आक्षेप मी यादीतून काढून टाकलाय. वीज, पाणी, कारखाने इथली मशीनं बंद करून अपडेट करणं अवघड असतं, त्यामुळे जुनं राहणं हाच तिथला नियम.

आणि तो पत्ता परत बघा. १०ने सुरू होणारे पत्ते खाजगी नेटवर्कचे असतात, इंटरनेटवरून थेट तिथे पोचताच येत नाही. म्हणजे ती आधीच आत आहे, इमारतीत शिरून तिथल्या कन्सोलसमोर. टप्पा ३ केला नसता तर हा पत्ता नुसता आकडा वाटला असता.

पत्त्यातला एखादा आकडा २५५च्या वर दिसला तर "चूक सापडली" म्हणून उड्या मारू नका. खोटा फोन नंबर दाखवतात तसाच खोटा पत्ता मुद्दाम दाखवता येतो, नाहीतर प्रेक्षक खऱ्या कोणाच्यातरी मशीनवर जाऊन धडकतील. दुर्लक्ष करा.

आता आकडेमोड. पासवर्ड एकेक अक्षर करत उलगडत जातो हा सीन सगळ्यांना ठाऊक आहे, 'वॉरगेम्स'मधे क्षेपणास्त्राचा दहा अक्षरी कोड तसाच सापडतो. अक्षरं आणि आकडे मिळून ३६ चिन्हं धरली तर दहा जागांसाठी ३,६५६ लाख कोटींच्या वर शक्यता. पण एक अक्षर बरोबर आलं हे मशीन वेगळं सांगत असेल तर? मग फक्त ३६० प्रयत्न. म्हणून इथे प्रश्न "वेग किती" हा नसतो, सिस्टिम अर्धं उत्तर फोडते का हा असतो. नीट बांधलेली फोडत नाही, म्हणून सीन खोटा. तरी लगेच हसू नका, कारण वायफाय राउटरच्या डब्ल्यूपीएस पिनमधे (लांब पासवर्डऐवजी छोट्या पिनने जोडायच्या सोयीत) नेमकं हेच झालं होतं: आठ आकडी पिन, पण राउटर पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा वेगवेगळा तपासायचा, त्यात शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे दहा कोटींच्या जागी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नात काम तमाम. हे २०११मधे उघड झालं.

'टर्मिनेटर २'मधला (१९९१) एटीएमचा सीन पण असाच मोजा. जॉन कॉनर हा पोरगा कार्डाला छोटा अटारी कॉम्प्युटर जोडतो आणि चार आकडी पिन मिळवतो. शक्यता फक्त १०,०००, कॉम्प्युटरला चुटकीसरशी. मग खोटं काय? आकडा लहान असूनही पिन टिकते ती चुकीचे प्रयत्न मोजले जातात आणि दोनचार चुकांनंतर कार्ड अडवलं जातं म्हणून. सीनमधे तो मोजणाराच गायब आहे. वहीत "पिन फोडली" न लिहिता "प्रयत्नांवर मर्यादा नाही" असं लिहा, मुद्दा नेमका तेवढाच.

## टप्पा ५: कसं पसरलं

इथे फार रेंगाळायचं नाही, दोनच प्रश्न. कशातून पसरलं, आणि कशाने अडलं असतं?

'वेस्टवर्ल्ड'मधे (१९७३) रोबॉट बिघडायला लागतात तेव्हा एक अधिकारी म्हणतो की हे साथीच्या रोगासारखं पसरतंय आणि बैठकीत त्याला वेड्यात काढतात. मॉरिस वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या एका प्रोग्रॅमने इंटरनेट आडवं केलं ते १९८८मधे, पंधरा वर्षांनी. 'आय, रोबॉट'मधे (२००४) सगळे नवे रोबॉट मुख्यालयाला कायम जोडलेले, अपडेट तिथूनच येतं आणि घात पण तिथूनच. अपडेटवर सगळ्यांचा विश्वास असतो म्हणून तोच रस्ता सगळ्यात घातक. २०१७चं नॉटपेट्या हे घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरलं, मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (कोणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) पुसले गेले, वाचला तो एक घानामधला, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेलेली होती.

तपासा: जोडलेलं नसल्यामुळे वाचलेलं काही पिक्चरमधे आहे का? जुना रोबॉट, कागदी वही, बंद पडलेलं मशीन. असेल तर अधोरेखित करा, बहुतेक वेळा शेवट त्यावरच फिरतो.

## टप्पा ६: बचाव करणाऱ्यांनी काय केलं

हल्लेखोर सगळे बघतात, बचाव कोणी बघत नाही. परत 'वेस्टवर्ल्ड'. कंट्रोल रूमवाले घाबरून पूर्ण वीज तोडतात. रोबॉट आतल्या साठ्यावर चालतच राहतात. आणि कंट्रोल रूमची दारं? ती विजेवर. बंद ती बंदच, हवा पण बंद, माणसं आत गुदमरून मरतात. वीज गेल्यावर दार उघडं पडावं का बंद राहावं हा निर्णय बांधतानाच घ्यायचा असतो. तिजोरीचं दार बंद राहिलेलं चालतं, माणसं असलेल्या खोलीचं नाही. इथे दोन्ही उलटं केलंय: थांबायला हवे ते रोबॉट चालू, उघडायला हवी ती दारं बंद.

'टर्मिनेटर ३'मधे (२००३) आणखी एक नमुना आहे: व्हायरस सगळीकडे पसरतोय, वरून दबाव येतो, म्हणून स्कायनेट या सैन्याच्या कॉम्प्युटर प्रणालीच्या ताब्यात सगळ्या यंत्रणा देतात, आणि तो व्हायरस म्हणजे स्कायनेटच निघतो. घाईत दिलेली परवानगी. संकटाच्या वेळी "तात्पुरता फुल अ‍ॅक्सेस द्या" म्हणणारा फोन आला की हा सीन आठवायचा. आणि 'कोलोसस' (१९७०) बघत असाल तर एवढंच शोधा की अण्वस्त्रं सांभाळणारा त्यातला कॉम्प्युटर बंद करायचं बटण कुठे आहे. नाहीच आहे, डोंगराच्या पोटात बंद करून टाकलंय आणि त्याचाच अभिमान बाळगलाय.

इशारा: "मूर्ख लोक आहेत" असं लिहू नका. त्या क्षणी त्यांना काय माहीत होतं तेवढंच धरा.

## टप्पा ७: शेरा मारा

आता निकाल, आणि तो पण पूर्ण पिक्चरला एक असा नाही, सीनगणिक. मी चारच शेरे वापरतो: खोट खरी पण वेग खोटा, खोट खरी पण परिणाम फुगवलेला, तंत्र खोटं पण धोका खरा, नुसती सजावट. 'मॅट्रिक्स'चा सीन पहिल्यात जातो, 'टर्मिनेटर २'चा एटीएम माझ्या मते तिसऱ्यात. तुमचं वेगळं असेल तर असू दे, त्याचं कारण लिहिता आलं म्हणजे झालं.

इथे होणाऱ्या नेहमीच्या चुका:

१. खऱ्या घटनेची ओढूनताणून जोडी लावणं. दार तेच असेल तरच जोडी लावा, नुसतं दोन्हीकडे कॉम्प्युटर आहे म्हणून नको.

२. "दिग्दर्शकाने भविष्य ओळखलं" असलं वाक्य. त्याने बहुतेक वेळा तेव्हाचंच काहीतरी बघितलेलं असतं.

३. पिक्चर आवडला म्हणून सूट देणं. हे मी पण करतो, त्यामुळे आवडत्या पिक्चरचा शेरा दुसऱ्याला मारायला लावतो.

लिहून झालं की एक शेवटची चाचणी. तुमच्या मजकुरातली स्क्रीनवरच्या गोष्टींची सगळी वाक्यं खोडा, कमांड, कोड, अक्षरं सगळं, आणि उरलेलं पिक्चर न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. हल्लेखोर आत कसा आला हे तो सांगू शकला तर खोडलेली वाक्यं परत घाला. नाही सांगू शकला तर टप्पा ३.